हैबती वस्तू जपतो

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावाच्या वाट्याला एक भोळा गडी आला होता. त्याचं नाव हैबती. नाव असं दांडगं, पण त्याला बघून अंगणातली चिमणीसुद्धा उडत नसे. अंगाने धट्टाकट्टा, मनाने साफ. सांगितलेलं काम करायचा. सांगितलं तसंच करायचा. आणि एकदा सांगितलेलं कधी विसरायचा नाही. त्याच्या आईला सगळा त्रास या शेवटच्या गुणाचा होता.

आईचं नाव अनुसया. घरात मायलेक दोघंच. वस्तू म्हणाल तर पुष्कळ होत्या, पण धड एक नव्हती. घागरीला लाखेचं ठिगळ, तव्याला मधोमध खळगा, पाटाला एक पाय कमी. आणि त्या भागात मुलगी द्यायच्या आधी मुलीकडची माणसं घर बघायला येतात. घर म्हणजे भिंती नव्हेत. ती थेट चुलीपाशी जातात, भांडी उचलून बघतात, अंथरुणं उलटून बघतात. ज्या घरात वस्तू टिकते तिथं मुलगीही सुखात राहते, असा त्यांचा हिशेब. हैबतीकडे आलेल्या पहिल्या पाहुण्याला पाटावर बसवलं, तो चुलीत जाता जाता वाचला. दुसऱ्याला घागरीतून पाणी ओतून दिलं, तर ठिगळ सुटलं आणि ते सगळं त्याच्या धोतरावर गेलं. दोघंही परत फिरकले नाहीत.

आता तिसरं स्थळ आलं होतं. ही मुलगी हैबतीला माहीत होती. तिचं नाव गोजरा. एकदा बाजारात तिने वांग्यांची पाटी हैबतीच्या हातात दिली होती. "जरा धरा हां, आलेच," असं म्हणून ती गेली आणि मैत्रिणींच्या नादात विसरली. बाजार उठला, पालं उतरली, दिवेलागण झाली. गोजरा धापा टाकत परत आली, तेव्हा रिकाम्या मैदानात हैबती पाटी धरून उभा होता. एक वांगंसुद्धा हललं नव्हतं. आधी ती हसली. मग हसायची थांबली आणि घरी जाऊन म्हणाली, "करायचा तर ह्योच नवरा करायचा."

हैबतीच्याही मनात तीच होती. पण गोजराच्या घरात शब्द चालायचा तो तिच्या आजोबांचा, तात्याबांचा. शिमगा झाला की म्हातारा स्वतः घर बघायला येणार होता. तो हो म्हणाला तर हो.

आईने शेळी विकली आणि हैबतीला समोर बसवलं.

"गोजरा पायजे का न्हाई?"

"पायजे."

"मग घरात टिकाऊ वस्तू पायजेत. जा, बाजारातनं माठ आण."

हैबती गेला. कुंभाराकडे माठांची रांग होती. त्याने त्यातला सगळ्यात देखणा, गळ्याला वेलबुट्टी काढलेला माठ उचलला आणि घरी आणला. आईने त्यात पाणी ओतलं. पाणी वरून आत गेलं आणि खालून बाहेर आलं.

"अरं, तडा गेलाय की ह्याला," आई म्हणाली. "माठ घेताना टिचकी मारून बघायची. खणखणीत वाजला तर पक्का. बद्द वाजला तर ठिवून द्यायचा."

"बरं आई," हैबती म्हणाला आणि ते त्याने डोक्यात नीट बसवलं.

पुढच्या बाजाराला आईने घोंगडी आणायला सांगितली. धनगर घोंगड्या मांडून बसला होता. हैबतीने पहिल्या घोंगडीला टिचकी मारली. आवाज नाही. दुसरीला मारली. आवाज नाही. सगळा ढीग संपवला.

"सगळ्या तडकल्यात," तो धनगराला म्हणाला.

"घोंगडी हाय ती. तडकंल कशी?"

"वाजत न्हाई."

"घोंगडी वाजती व्हय रं?"

"पक्की असंल तर वाजती," हैबती म्हणाला आणि उठला. येताना त्याला एका दुकानात पत्रा दिसला. टिचकी मारली तर असा वाजला की शेजारचं कुत्रं उठून गेलं. हैबती खूश झाला आणि पत्रा घेऊन घरी आला.

आईने पत्र्याकडे बघितलं. मग हैबतीकडे बघितलं.

"ह्यो पांघरायचा?"

"पक्का हाय, आई. तडा न्हाई."

आईने पत्रा भिंतीला टेकवून ठेवला. मग म्हणाली, "लेकरा, घोंगडीची पारख निराळी. तिच्यावर तांब्याभर पाणी ओतायचं. पाणी वरच्या वर राहिलं तर वीण घट्ट. खाली गळलं तर घ्यायची न्हाई."

"बरं आई."

मग पिठाची चाळण आणायची होती. हैबती जाताना घरून तांब्या भरूनच निघाला. भांड्यांच्या दुकानात त्याने पहिल्या चाळणीत पाणी ओतलं. गळालं. दुसरीत ओतलं. तेही गळालं. दुकानदाराच्या गादीखालून ओहोळ वाहायला लागला.

"काय चालवलंय हे?" दुकानदार म्हणाला.

"बघतोय. तुमच्याकडं एक बी धड चाळण न्हाई. सगळ्या गळक्या."

दुकानदाराने आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली होती. त्याने शांतपणे एक परात काढून पुढे ठेवली. "ही घ्या. हिच्यातून थेंब गळायचा नाही."

हैबतीने पाणी ओतून खात्री केली. थेंब गळाला नाही. असली उत्तम चाळण इतर लोकांच्या नजरेतून सुटली कशी, याचं त्याला नवल वाटलं.

घरी आईने परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, हैबतीपुढे धरलं आणि म्हणाली, "चाळ."

हैबतीने संध्याकाळपर्यंत चाळलं. पीठ होतं तिथंच राहिलं.

"गळत न्हाई बघ," तो अभिमानाने म्हणाला.

"अरं देवा. चाळणीला भोकं असाया पायजेत," आई म्हणाली. "चाळण घेताना उन्हाकडं धरायची. भोकाभोकातनं सारखं ऊन दिसलं तर चांगली. न्हाई दिसलं तर हातात बी धरायची न्हाई."

"बरं आई."

आता राहिला तवा. तुम्ही ओळखलं असेलच, पण हैबतीने ओळखलं नव्हतं. लोहाराच्या भट्टीपाशी जाऊन त्याने एकेक तवा उन्हाकडे धरला. एकातूनही ऊन दिसेना. जाड तवा, काळा तवा, सगळे आंधळे. तो निघणार इतक्यात त्याला मोडीच्या ढिगाऱ्यात एक जुना तवा दिसला. गंजून त्याची जाळी झाली होती. उन्हाकडे धरला तर हैबतीच्या तोंडावर ठिपके ठिपके पडले.

"ह्यो द्या," तो म्हणाला.

"घेऊन जा," लोहार म्हणाला. "कोणी उचलला तर बरंच होईल."

त्या रात्री आईने तव्यावर भाकरी टाकली. जिथं भोक होतं तिथं भाकरीला खालून जाळ लागला आणि जिथं नव्हतं तिथं ती कच्ची राहिली. मायलेकांनी तशीच खाल्ली. दुसऱ्या दिवशी आईने पदर खोचला आणि स्वतः बाजारात गेली. माठ, घोंगडी, चाळण, तवा, सागवानी पाट, आणि माळ्यावर चढायला एक सागवानी शिडी, सगळं तिने पारखून आणलं. गाडीतून उतरवून घेताना हैबतीने माठाला टिचकी मारून घेतली. खणखणीत वाजला.

"आता वस्तू आल्या," आई म्हणाली. "पण आणणं अर्धं काम. जपणं खरं काम. ते तू करायचं. तव्याला धुऊन, पुसून, तेलाचा हात लावायचा. म्हणजे गंजत न्हाई, जन्मभर पुरतो."

"बरं आई."

हैबतीने तव्याला तेल लावलं. तवा चकचकीत दिसायला लागला. ते बघून त्याला इतर वस्तूंची दया आली. त्याने माठालाही तेल लावलं, आतून बाहेरून, चांगलं चोळून. दुपारी आई उन्हातून आली आणि माठातलं पाणी प्याली. पाणी कोमट होतं आणि त्याला शेंगदाण्याचा वास येत होता.

"माठाला तेल लावलंस?"

"जन्मभर पुरंल आता."

"पुरंल, पर गार कसा व्हईल? माठ पाझरला तर गार व्हतो." आईने कपाळ चोळलं. तो माठ गेला, तिला दुसरा आणावा लागला. "माठाला ओल्या फडक्यात गुंडाळायचं अन् सावलीत ठिवायचं. कळलं?"

"कळलं."

हैबतीने नव्या माठाला ओलं फडकं गुंडाळलं. मग घोंगडीला गुंडाळलं. फडकं वाळलं की पुन्हा भिजवायचा, मायेने. काही दिवसांनी घरात वास कुठून येतोय ते शोधत आई कोपऱ्यात गेली, तर घोंगडीवर पांढरी बुरशी आली होती.

"घोंगडीला ऊन दावायचं असतं, हैबती. अंगणात पसरायची, उलटीपालटी करायची, म्हणजे कसर लागत न्हाई."

"बरं आई," हैबती म्हणाला. घोंगडी त्याने उन्हात टाकली. सागवानी पाटही टाकला. एका बाजूने तापला की दुसऱ्या बाजूने तापवायचा. तिसऱ्या दिवशी पाटाला केवढी तरी चीर गेली आणि त्याचा एक कोपरा वर आला.

आता मात्र आईला रडू आलं. शिमगा होऊन गेला होता. तात्याबा आज येतील की उद्या, अशी वेळ. तिने पाटाची चीर मेणाने भरली आणि पदराने डोळे पुसले.

"ऐक बाबा. शेवटचं सांगते. लाकडाच्या वस्तूला ऊन लागू द्यायचं न्हाई. जी मोलाची वस्तू असंल ती कापडात गुंडाळायची अन् माळ्यावर ठिवायची. पाव्हणं आल्याबिगर खाली काढायची न्हाई. चांगल्या घरात असंच करत्यात."

"बरं आई," हैबती म्हणाला. आई रडलेली त्याला आवडत नसे. हे सगळं त्याने इतर सगळ्यापेक्षा जास्त घट्ट बसवलं. पाट गुंडाळून माळ्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोवळं ऊन अंगणात आलं होतं तेव्हा, तात्याबा दारात उभे राहिले. पिकल्या मिशा, गुडघ्यात वाकलेले पाय, हातात काठी. मुलगा आणि सून मागून बैलगाडीने येत होते. गाडीत हाडं खिळखिळी होतात म्हणून म्हातारा पहाटेच चालत निघाला होता.

आईची धांदल उडाली. घरात दूध नव्हतं. तिने हैबतीला बाजूला घेतलं.

"मी पार वरच्या वाडीवरनं दूध घिऊन येते. ह्ये आजोबा म्हंजी त्यांच्या घरातलं सगळ्यात मोलाचं माणूस. त्यांना कमी-जास्त झालं तर गोजरा इसर. नीट जप त्यांना. मी शिकवलंय तसं जप."

"शिकवलंय तसं?" हैबतीने विचारून घेतलं.

"व्हय, तसंच," आई म्हणाली आणि चरवी घेऊन पळाली.

हैबतीने पाहुण्यांसाठी पाट खाली काढला. शिडी माळ्याला लावलेलीच ठेवली. तात्याबा बसले. पागोटं काढून त्यांनी मांडीवर ठेवलं. हैबती त्यांच्याभोवती एक फेरी मारून आला आणि त्याने त्यांच्या टकलावर टिचकी मारली.

"काय रं?" तात्याबा म्हणाले.

"पक्कं हाय," हैबती म्हणाला. "तडा न्हाई."

तात्याबांना कोणी इतक्या वर्षांत असं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी काठी उचलली होती, ती खाली ठेवली.

"ऐंशीच्या पुढं गेलोय मी."

"चांगला घडवलाय," हैबती म्हणाला. मग त्याने त्यांचा एक कान धरला आणि आत डोकावून बघितलं. पलीकडून ऊन दिसत नव्हतं. पण ती चाळणीची पारख, हे त्याला आठवलं. चार ठिकाणी ठोकर खाऊन एवढी अक्कल त्याला आली होती.

तात्याबांनी पाय लांब केले. गुडघा कुरकुरला. हैबतीने तेलाची वाटी आणली.

"गंजलाय," तो म्हणाला आणि दोन्ही गुडघ्यांना तेल चोळायला बसला. आतून बाहेरून, चांगलं चोळून.

"आरं, हे कशाला?" तात्याबा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "वाईच खाली. पोटरीला."

तेल जिरल्यावर हैबतीने अंगणात घोंगडी पसरली, त्यांना तिच्यावर आडवं केलं आणि डोक्याला ओलं फडकं गुंडाळलं. पाठ शेकून झाली की येऊन सांगायचा, "आता उलटं व्हा." तात्याबा उलटे व्हायचे. असं पाचसहा वेळा झालं. म्हाताऱ्याच्या मिशा हसायला लागल्या.

"घरी माझ्याकडं कुणी बघत बी न्हाई," ते उन्हात डोळे मिटून म्हणाले. "परसात खोली दिलीया. मोडका नांगर, फुटकी घागर, अन् मी."

"तिथं ऊन येतं का?"

"न्हाई."

"मग कसर लागंल की," हैबती काळजीने म्हणाला.

ऊन तापायला लागलं. हैबतीने त्यांना घरात आणलं आणि घोंगडीत नीट गुंडाळलं. फक्त तोंड आणि चढण्यापुरते हातपाय बाहेर ठेवले.

"आता वर चढा."

"वर काय हाय?"

"माळा. घरातली सगळ्यात मोलाची वस्तू आम्ही तिथं ठिवतो."

तात्याबा त्याच्याकडे बघत राहिले. "मला ठिवतोस तिथं?"

"मग कुठं ठिवणार?"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. खालून हैबतीने रेटलं, आणि तेल लावलेल्या गुडघ्यांनी ते शिडी चढून वर गेले.

आई दूध घेऊन आली तेव्हा दारात बैलगाडीचे बैल सोडत होते. गोजराचे आईबाप आत आले. गोजराही मागोमाग आली. तिने येऊ नये अशी रीत होती, पण गाडीत बसल्यावर तिला कोणी उतरवू शकलं नव्हतं.

"आबा कुठं हायत?" गोजराच्या बापाने विचारलं.

"ठिवल्यात," हैबती म्हणाला.

"कुठं?"

हैबतीने माळ्याकडे बोट केलं. सगळ्यांनी माना वर केल्या. कडेला एक घोंगडीचं गाठोडं होतं आणि त्यातून तात्याबांच्या मिशा बाहेर आल्या होत्या.

आईच्या हातातली चरवी लवंडली. तिने भिंतीला पाठ टेकली. तिसरंही स्थळ गेलं, आणि हे तर पोराच्या मनातलं होतं. गोजराच्या बापाचा चेहरा लाल झाला. "म्हाताऱ्या माणसाला गाठोड्यात बांधून माळ्यावर? चला गं. ह्या घरात पोर द्यायची न्हाई."

गोजरा जागची हलली नाही.

"थांब," वरून आवाज आला. तात्याबांनी गाठोड्यातून एक हात बाहेर काढला होता. "पोर इथंच द्यायची."

"आबा, अहो..."

"तू गप. तुझ्या घरात जुनी वस्तू परसात टाकत्यात. इथं तेल लावून, ऊन दावून, वर ठिवत्यात. माझी नात बी म्हातारी व्हईलच की कवातरी." ते जरा थांबले. "सुपारी फोडा."

गोजराच्या बापाने मान खाली घातली. बराच वेळ ती खालीच होती. गोजराने ओंजळीत तोंड लपवलं, पण तिचे खांदे हलत होते, म्हणजे ती हसत असावी. आईने लवंडलेली चरवी उचलली. ती पुढे झाली आणि व्याह्याला म्हणाली, "दादा, आता तुम्ही पाव्हणं न्हाई ऱ्हायला. घरचं झालासा."

सगळ्यांचे चेहरे सैल झाले. आईने डोळे पुसले. "हैबती, आजोबांना खाली काढ. सुपारी फोडायची हाय."

हैबती हलला नाही.

"काढ की रं."

"पाव्हणं आल्याबिगर काढायचं न्हाई, तूच सांगितलंस. ह्ये तर आता घरचं झालं."

मग गोजरा पुढे आली. ती बाजारातली पाटी तिला आठवत होती, आणि या माणसाला कसं सांगायचं ते तिला बरोबर कळलं होतं.

"सुपारी फुटली की घरचं," ती म्हणाली. "तवर आम्ही पाव्हणंच."

हैबतीला ते पटलं. "असं व्हय? मग काढतो." तो माळ्याखाली जाऊन उभा राहिला. वर बघितलं. खाली बघितलं. डावीकडे बघितलं.

"शिडी कुठं हाय?" आईने विचारलं.

"शिडी लाकडाची हाय, आई. दारातनं तिच्यावर ऊन येत हुतं," हैबती म्हणाला. "तिला बी कापडात गुंडाळली अन् माळ्यावर ठिवली. मी खालनं सरकवली, आजोबांनी वरनं ओढून घेतली."

सगळ्यांनी पुन्हा माना वर केल्या.

"चांगली सागवानी हाय," तात्याबा वरून म्हणाले. "उशाला घेतलीया."